तूर्तास

“आई कशा आहेत आता?” हा प्रश्न मी आमच्या काचोंना विचारला, त्याला येत्या ऑगस्टमध्ये तीन वर्षं होतील. काचो म्हणजे विभागप्रमुख. जपानी ऑफिसात वरिष्ठांना नावापेक्षा हुद्द्यानंच हाक मारायची पद्धत, त्यामुळे सात वर्षं ते माझ्यासाठी काचोच होते. सकाळचे नऊ वाजून गेले होते. बाहेर झाडांवर सेमी, उन्हाळ्यातले किडे, कर्कश ओरडत होते, ऑफिसात कॉफीचा वास होता. मी त्यांच्या टेबलाशी थांबून अगदी मायेनं विचारलं. त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. “हाइ. ओकागेसामा दे,” ते म्हणाले. आपल्या कृपेनं बरं आहे. शब्दाशब्दानं पाहिलं तर ‘तुमच्या सावलीमुळे’. एवढं बोलून त्यांनी खुर्ची स्क्रीनकडे वळवली. शेजारच्या टेबलांवरचा कीबोर्डचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मी तिथं उभीच राहिले.

कारण आदल्या रात्री, बारा तासही झाले नव्हते, हेच काचो माझ्या शेजारी बसून आईबद्दल पाऊण तास बोलले होते. टोकियोतल्या शिंबाशी आणि युराकुचो या स्टेशनांच्या मध्ये रेल्वेचा विटांचा उंच मार्ग आहे. युराकुचो स्टेशन १९१० साली सुरू झालं, त्याच काळातलं हे बांधकाम. वरून गाड्या जातात आणि खाली कमानींमध्ये एकाला एक लागून छोटी छोटी इझाकाया, म्हणजे बसून खायची-प्यायची दुकानं, आहेत. दारात लाल कागदी कंदील, त्याच्यामागे नोरेन, म्हणजे दारावरचा कापडी पडदा, आत कोळशाचा धूर, कोंबडीचं कातडं भाजल्याचा आणि सोया सॉस करपल्याचा गोडसर, चिकट वास. गाडी गेली की टेबलावरचे ग्लास किणकिणतात आणि बोलणारा माणूस वाक्याच्या मध्ये थांबतो. गाडी निघून जाईपर्यंत सगळे एकमेकांकडे नुसते बघत राहतात आणि मग ते वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढे चालू होतं. मला त्या जागेचं सगळ्यात काय आवडत असेल तर हे थांबणं. एरवी या शहरात दोन माणसं इतका वेळ एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत.

पण आवडायला फार दिवस लागले. २०१७च्या एप्रिलमध्ये माझ्या स्वागताची पार्टी म्हणून मला पहिल्यांदा तिथं नेलं, तेव्हा त्या नोरेनसमोर माझे पाय अडले होते. मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावातली. आमच्या गावात दारू प्यायची जागा म्हणजे बसस्टँडमागचा गुत्ता. त्या रस्त्यानं बायका जात नसत. शाळेतून येताना आम्ही मुली लांबचा वळसा घालायचो. तिथून संध्याकाळी कोणाचा नवरा कसा बाहेर पडला आणि रात्री त्या घरात काय झालं, हे सकाळी नळावर कळायचं. पुढे गावातल्या बायकांनी मतदान मागितलं, रांगा लावून आडवी बाटली केली, तेव्हा माझी आई त्या रांगेत होती. शाई लागलेलं बोट तिनं आठवडाभर जपलं. तिची मुलगी मी, टोकियोत लाल कंदिलाखालून वाकून आत जाणार होते. आत धूर कोंदला होता; २०२०च्या एप्रिलमध्ये नवा कायदा लागू होईपर्यंत अशा ठिकाणी माणसं जेवतानाही सर्रास सिगारेट ओढत. टाय सैल केलेले पुरुष मोठमोठ्यानं हसत होते, आणि त्यांच्याइतक्याच मोठ्यानं हसत होत्या बायका. दोघी-तिघी तर एकट्याच काउंटरवर बसून शांतपणे जेवत होत्या. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. मी किती वेळ त्या बायकांकडेच बघत होते.

इझाकाया हा शब्द मला नंतर कळला. ‘इ’ म्हणजे असणं, थांबणं, बसणं. ‘साका’ म्हणजे साके, दारू, ‘या’ म्हणजे दुकान. एदो काळात दारूच्या दुकानात साके मापानं विकत, माणसं आपलं भांडं घेऊन यायची आणि घरी न्यायची. मग काही जण तिथंच बसून पिऊ लागले, त्यांच्यासाठी दुकानदार सोबत काहीतरी खायला ठेवू लागला, आणि त्यातून ही बसायची दुकानं झाली. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचं ‘आज बसायचं का?’ आठवलं. आपल्याकडेही पुरुष पिण्याला पिणं म्हणत नाहीत, बसणं म्हणतात. दोन इतक्या लांबच्या भाषांना एकच क्रियापद सापडावं! फरक एवढाच, की आपल्याकडच्या त्या बसण्यात माझ्या आईला, मावशीला, आजीला कधी जागा नव्हती.

बसलं की आधी ओशिबोरी येतो, हात पुसायचा गरम ओला टॉवेल. उन्हाळ्यात थंड. पाठोपाठ न मागता एक छोटी वाटी येते. ओतोशी. कधी हिजिकी नावाच्या काळ्या समुद्री शेवाळाची भाजी, कधी तिळात परतलेलं गोबोचं मूळ, कधी दोन घास बटाट्याचे. ओसाकाकडे याला त्सुकिदाशी म्हणतात. तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. पहिल्यांदा ते बिलात पाहून मला राग आला होता. न मागितलेल्या वाटीचे पैसे कसले? आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसासमोर गूळ आणि पाण्याचा तांब्या येतो, तेव्हा कोणी हिशेब धरत नाही. पण हळूहळू मला त्या वाटीची वाट पाहायची सवय लागली. बाहेरच्या थंडीतून आत आलेल्या माणसाला, त्यानं काही ठरवायच्या आत, काहीतरी हातात देणं; गुळाच्या खड्यामागेही तेच असतं. पैशांचं मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही. वाटी मात्र पटली.

मी शाकाहारी. जपानमध्ये हे सांगणं सोपं आहे, पाळणं फार अवघड. मांस-मासे दिसले तर बाजूला ठेवता येतात, पण इथं मासा पाण्यात विरघळलेला असतो. दाशी नावाचं जे पाणी सगळ्या स्वयंपाकाच्या मुळाशी आहे, ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवून, धुरी देऊन लाकडासारख्या कडक केलेल्या माशाच्या किसाचं. थंडगार तोफूवर हाच किस भुरभुरलेला असतो. तळलेल्या तोफूच्या रश्शात तो असतो, अंड्याच्या गुंडाळीत असतो, साध्या पालकाच्या भाजीतही असतो. पहिली दोन वर्षं मी इझाकायात जाऊन एदामामे नावाच्या उकडलेल्या हिरव्या शेंगा, काकडी आणि भात यावर उठायचे. ऊलाँग चहाचे तीन ग्लास प्यायचे. घरी येऊन रात्री बारा वाजता पोहे करायचे. निशी-कासाइमध्ये आमच्या इमारतीत भारतीय कुटुंबं बरीच, त्यामुळे अवेळी आलेल्या फोडणीच्या वासानं कोणी दचकत नसे.

मग एकदा पोटॅटो सॅलड आलं. इझाकायातलं पोटॅटो सॅलड म्हणजे बटाटा अर्धवट कुस्करलेला, त्यात काकडी, कांदा, मेयोनीज आणि बारीक चिरलेलं हॅम. हॅम आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे ते मी कधी मागवलंच नव्हतं. त्या दिवशी काचोंनी ताटली माझ्याकडे सरकवली. मी नेहमीप्रमाणे चॉपस्टिकनं हॅम शोधू लागले. नव्हतंच. पुढच्या वेळीही नव्हतं. त्याच्या पुढच्या वेळी तोफू आला, तर त्याच्यावर किसलेलं आलं आणि कांद्याची पात होती, मासा नव्हता. मी दुकानाच्या मालकीणबाईंना, सगळे त्यांना ओकामी-सान म्हणतात, विचारलं, की हल्ली पाककृती बदलली का? त्या म्हणाल्या, “काचो-सान दुपारी फोन करतात ना. एक वाटी वेगळी काढून ठेवा म्हणतात.” मी वळून काचोंकडे पाहिलं. ते शेजारच्याशी बेसबॉलबद्दल बोलत होते. त्यांनी मला कधीही विचारलं नव्हतं, की तू काय खातेस, का खात नाहीस, धर्मानं की आवडीनं. दोन वर्षं त्यांनी फक्त माझी ताटली पाहिली होती.

दुसऱ्याकडे असं पाहत राहणं हाच त्या टेबलावरचा मोठा नियम असतो, हे मला कोणी सांगितलं नाही. बसल्याबसल्या सगळे म्हणतात, “तोरीआएझु, बिइरु.” तोरीआएझु या शब्दाला मराठीत माझ्या मते एकच चांगला शब्द आहे, तूर्तास. तूर्तास बिअर. म्हणजे बाकीचं काय ते पुढे ठरवू, आधी सगळ्यांच्या हातात एकदम काहीतरी येऊ दे. बाटली आली की आपली आपण ओतायची नाही. शेजारच्याचा ग्लास किती उतरला यावर लक्ष ठेवायचं, दोन्ही हातांनी बाटली धरून ओतायचं, आणि आपला ग्लास कोणीतरी भरेल यावर विश्वास ठेवायचा. कांपाइ म्हणत ग्लासला ग्लास लावताना वरिष्ठांच्या ग्लासपेक्षा आपला ग्लास जरा खाली धरायचा. मी चहाच पिते, पण काचो माझ्या ग्लासात चहासुद्धा दोन्ही हातांनी ओतत. साठीला आलेला, ऑफिसात ज्याच्या एका वाक्यानं दहा माणसांचा महिना बदलतो असा माणूस आपल्यापुढे वाकून चहा ओततो, तेव्हा पहिल्या वेळी काय करावं कळत नाही. मी उठून उभी राहिले होते.

चुकाही पुष्कळ झाल्या. एकदा तोफूचा तुकडा मी माझ्या चॉपस्टिकनं उचलून समोरच्या बाईंच्या चॉपस्टिकमध्ये द्यायला गेले. टेबल गप्प झालं. काचोंनी काही न बोलता एक रिकामी बशी मध्ये सरकवली, तुकडा त्यात पडला, बोलणं पुन्हा सुरू झालं. नंतर कळलं, की अंत्यसंस्कारानंतर नातेवाईक चॉपस्टिकनं अस्थी उचलतात आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये देत कलशात ठेवतात. जेवताना ती कृती करायची नाही. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातात. लहानपणी आजोबांच्या वेळी काकांचे राखाडलेले हात मी पाहिले होते. त्या रात्री घरी जाताना ट्रेनमध्ये मला एकसारखे ते हात दिसत होते.

तर ती ऑगस्टची रात्र. कोविडमुळे २०२१च्या एप्रिलमध्ये टोकियोत दारू देणाऱ्या दुकानांना बंद राहायला सांगितलं गेलं होतं, त्यानंतर कितीतरी महिने ते कंदील विझलेलेच होते. त्या काळात आम्ही सगळे स्क्रीनवर रोज बोलायचो आणि कोणी कोणाशी काही बोललं नाही. मग हळूहळू पुन्हा बसायला लागलो, पण माणसं कमी. त्या दिवशी आम्ही चौघंच, आणि दोघं लवकर उठून गेले. ओकामी-साननी एदामामेची परडी आणून ठेवली आणि म्हणाल्या, “आजचे साधे नाहीत. दादाचामामे आहेत.”

मी दचकले. दादाचा? मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. दादाचामामे. शेंगा नेहमीपेक्षा बुटक्या, कमरेत आवळलेल्या, अंगावर तपकिरी लव. आणि वास! एदामामेला एवढा वास मी कधी घेतला नव्हता. वाफेबरोबर काहीतरी अतिशय ओळखीचं आलं आणि मला ते सापडेना. शेंग ओठांत धरून दाणा दाबला, मिठाचं पाणी जिभेवर आलं, आणि मग सापडलं. आंबेमोहोर. मामाच्या घरी आंबेमोहोराच्या भातावरचं झाकण काढल्यावर यायचा तो वास. नंतर मी वाचलं तर ती माझी कल्पना नव्हती. सुवासिक तांदळांना ज्या द्रव्यामुळे तो वास येतो, ते २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन, तेच या शेंगांतही असतं. तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी काचोंना सांगितलं, की एदामामे म्हणजे सोयाबीन हे मला इथं येऊन कळलं, आमच्या शेतात दर पावसाळ्यात सोयाबीनच असतं. पण आमच्या घरात कोणी त्याची हिरवी शेंग उकडून खाल्ली नाही. ते विकायचं पीक. ते वाळायचं, मळणी व्हायची, पोती आडतीवर जायची, तेल निघायचं, पेंड उरायची. खायला आमच्याकडे हरभऱ्याचा डहाळा, ज्वारीचा हुरडा, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. जे पीक आमचं घर चालवत होतं, त्याची चव मला टोकियोत पुलाखाली कळली. आणि मराठीत, मी म्हटलं, ‘दादाचा’ म्हणजे थोरल्या भावाचा.

काचो हसले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, “मी त्सुरुओकाचा. या शेंगा आमच्याकडच्या.” यामागाता प्रांतात, जपानी समुद्राच्या बाजूला, शोनाइचं मैदान आहे, तिथलं हे गाव. तिथल्या बोलीत दादाचा म्हणजे वडील, घरातला मोठा पुरुष. असं सांगतात, की तिथल्या सरदाराला या शेंगा फार आवडायच्या आणि तो रोज विचारायचा, आजच्या शेंगा कुठल्या दादाचाच्या? म्हणून दादाचामामे. एवढं सांगून ते थांबले. वरून गाडी गेली. ग्लास किणकिणले. गाडी गेल्यावर त्यांनी वाक्य पुढे चालू केलं, पण ते शेंगांचं नव्हतं.

“माझी आई हल्ली संध्याकाळी दारात जाऊन उभी राहते. दादाचा अजून शेतातून आला नाही म्हणते. वडिलांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.”

मग ते बोलत राहिले. महिन्यातून एकदा ते शिंकान्सेननं, बुलेट ट्रेननं, निइगाताला जातात, तिथून समुद्राकाठच्या गाडीनं त्सुरुओकाला. चार तास जायला, चार तास यायला. बहीण सांभाळते, तीही थकली आहे. आई कधी ओळखते, कधी पाहुणा समजून चहा करायला उठते. एकदा गॅस तसाच राहिला. गेल्या खेपेला तिनं त्यांना अदबीनं विचारलं, की आपलं गाव कुठलं? काचोंच्या हातात शेंग होती, ती त्यांनी किती वेळ सोललीच नाही. मी काही बोलले नाही. माझं जपानी अशा वेळी तोकडं पडतं. त्यांचा ग्लास रिकामा झाला होता, तो मी भरला. बिल आलं. बाहेर येऊन आम्ही रोजच्यासारखं निरोपाचं ओत्सुकारेसामा म्हटलं, ते शिंबाशीकडे गेले, मी युराकुचोकडे.

आणि सकाळी मी विचारलं, आई कशा आहेत आता.

त्यानंतर काही आठवडे काचो माझ्याशी फार आदबीनं वागले. ते अंतर दुसऱ्या कोणाला दिसलं नसेल. जपानीत क्रियापदाचं एक रूप बदललं की माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. शेवटी मी एका सहकारिणीला विचारलं, माझं काय चुकलं? तिनं जरा वेळ विचार केला. “ते दारूच्या बैठकीतलं बोलणं होतं,” ती म्हणाली. साके नो सेकी. सेकी म्हणजे बसायची जागा. तिथलं तिथंच ठेवायचं. सकाळी कोणी ते उचलून आणलं तर बोलणारा पुन्हा कधी बोलत नाही. “मग त्यांचं दुःख आपल्याला माहीत असून नसल्यासारखं करायचं?” मी विचारलं. “हो,” ती म्हणाली, “ते आपल्याला सांगितलं, म्हणून.”

मला हे तेव्हा पटलं नाही. रागच आला. आपल्याकडे विचारपूस हा एकच शब्द आहे पण त्यात दोन क्रिया आहेत, विचारणं आणि पुसणं, आणि आम्ही दोन्ही करत आलो. कोणाकडे आजारी माणूस असेल तर दारावरून जाताना आत डोकावून ‘कसं आहे?’ म्हणायचं, न विचारणारा तो परका. माझ्या आईनं माझ्या लांबच्या नणंदेच्या सासूचा गुडघासुद्धा दर रविवारी फोनवर विचारला आहे. दिवसभर एकमेकांपासून दोन हातांवर बसायचं आणि माणूस म्हणून बोलायला संध्याकाळचा कंदील पेटायची वाट बघायची, ही कसली जवळीक? आणि त्या कंदिलाची किंमतही मी पाहत होते. शुक्रवारी रात्री शेवटच्या गाडीच्या वेळी शिंबाशीच्या जिन्यावर सुटाबुटातली माणसं भिंतीला टेकून झोपलेली असतात. यायचंच म्हणून आलेली, प्यायचंच म्हणून प्यायलेली पोरं मी स्टेशनच्या बाथरूमबाहेर पाहिली आहेत. हल्लीची तरुण मुलं नोमिकाइला, ऑफिसच्या अशा बैठकीला, सरळ नाही म्हणतात, मला त्यांचं बरोबर वाटतं. बोलण्यासाठी आधी प्यावं लागणं ही चांगली गोष्ट नाही. हे मी आडवी बाटली केलेल्या बाईची मुलगी म्हणून म्हणते, आणि अजूनही म्हणते.

तरी ती हॅम नसलेली वाटी माझ्या रागाच्या आड यायची. काचोंनी तीही विचारून दिली नव्हती.

मागच्या वर्षी मार्चमध्ये काचोंनी नोकरी सोडली. आईला सांभाळायला गावी गेले. घरच्यांच्या सेवेसाठी नोकरी सोडावी लागणाऱ्यांना जपानमध्ये स्वतंत्र शब्द आहे, काइगो रिशोकु, इतकी ती घराघरातली गोष्ट आहे. निरोपाची पार्टी त्याच पुलाखाली झाली. भाषणात त्यांनी आईचा उल्लेख केला नाही, ‘घरगुती कारणामुळे’ म्हणाले. शेवटी सगळ्यांनी मिळून एकच टाळी वाजवली, इथली पद्धत आहे, एकदम एक, आणि संपलं. पोटॅटो सॅलडची वेगळी वाटी त्या दिवशीही आली होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्सुरुओकाहून करड्या शाईतलं एक पोस्टकार्ड आलं. मोचू हागाकी. घरात मृत्यू झाला असेल तर नव्या वर्षाच्या शुभेच्छा देणार नाही, असं कळवणारं कार्ड. आई ऑक्टोबरमध्ये, एक्याण्णवाव्या वर्षी गेली. छापील चार ओळी, हातानं लिहिलेलं काही नाही. मी ते फ्रीजला लावलं आणि रोज वाचलं. माझा हात फोनकडे जायचा. फोन करून मी काय विचारणार होते? कसं झालं? शेवटी ओळखलं का तुम्हाला?

तेव्हा मला आजी आठवली. समाचाराला जाताना ती मला बरोबर न्यायची. गावात कोणाकडे सुतक असलं की त्या घरी चूल पेटायची नाही, शेजारणी पिठलं-भात घेऊन जायच्या. आजी जाऊन भिंतीकडेला बसायची. त्या घरची बाई समोर बसायची. दोघी काही बोलत नसत. एकदा मी विचारलं होतं, आजी, तू त्यांना काहीच का विचारलं नाहीस? ती म्हणाली, “बसायला गेलते गं, विचारायला नव्हं.” दहा-पंधरा मिनिटांनी ती उठायची, आणि निघताना ‘येते’ म्हणायची नाही. अशा घरून तसं म्हणत नाहीत. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. काचोंच्या टेबलाशी उभी राहिले त्या सकाळी ते माझ्या मनात आलं नाही, कारण त्यांची आई जिवंत होती. पण ते त्या रात्री जे सांगत होते ते तिच्या जाण्याचंच सांगणं होतं.

ज्या घरून मोचू येतं त्या घराला नव्या वर्षाचं कार्ड पाठवत नाहीत. ७ जानेवारी उलटली की थंडीची चौकशी करणारं पत्र पाठवतात, कांचू मिमाइ. मी हातानं लिहिलं. इकडे थंडी आहे, तिकडे बर्फ फार असेल, जपा. बाकी काही नाही. तीन वेळा लिहून काढलं. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचा निरोप आला, की मार्चमध्ये टोकियोत एक काम आहे, ओकामी-सानकडे चक्कर टाकणार आहे.

मी पोचले तेव्हा ते काउंटरवर टोकाला बसले होते. केस बरेच पांढरे झालेले, हात उन्हानं रापलेले. ऑफिसातले ते हात नव्हतेच. ओशिबोरी आले. ओतोशीची वाटी आली, शिजवलेला मुळा, आणि ओकामी-साननी माझ्यासमोरची वाटी ठेवताना हळूच सांगितलं, “कोम्बूचंच पाणी आहे.” म्हणजे समुद्री शेवाळाचं, माशाचं नाही. काचो म्हणाले, “तोरीआएझु.” त्यांना बिअर, मला चहा. बाटली मी उचलली, दोन्ही हातांनी. त्यांनी माझ्या ग्लासात चहा ओतला, दोन्ही हातांनी. मग ग्लास उचलायची वेळ आली. गेलेल्या माणसासाठी ग्लास उचलतात तेव्हा कांपाइ म्हणत नाहीत, केनपाइ म्हणतात, आणि ग्लासला ग्लास लावत नाहीत. मी शब्द काही उच्चारला नाही. ग्लास छातीपर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. त्यांनी पाहिलं. त्यांचा ग्लासही तिथंच थांबला. मग दोघांनी एकेक घोट घेतला.

बराच वेळ आम्ही बसून होतो. समोर कोळशावर कांद्याची पात भाजली जात होती, मीठ उडाल्याचा चरचराट येत होता. मागच्या टेबलावर कोणाला तरी बढती मिळाली होती. मी एक प्रश्न विचारला नाही आणि मला ते जड गेलं, खोटं कशाला सांगू. दोनदा तोंड उघडून मी चहा प्यायले. गाडी गेली. आणखी एक गेली.

“शेवटी शेवटी ती मलाच दादाचा म्हणायची,” काचो समोर बघत म्हणाले. “आलास का, म्हणायची. मी आलो म्हणायचो.”

मी मान हलवली. त्यांचा ग्लास अर्धा झाला होता, तो भरला. थोड्या वेळानं परडीत एदामामे आले, साधे, हिवाळ्यातले, फ्रीझरमधून काढलेले, वास नसलेले. दोघांनी ते सोलून सालींचा ढीग केला. पोटॅटो सॅलडही आलं, वेगळ्या वाटीत. फोन या वेळी कोणी केला होता, ते मी विचारलं नाही.

बाहेर बारीक पाऊस सुरू झाला होता. कंदिलाचा लाल उजेड रस्त्यावर पसरला होता. इथं निरोप घेताना ‘माता’ म्हणतात, म्हणजे पुन्हा. माझ्या ओठांवर ते आलं आणि मी नुसती वाकले. आजीसारखी काही न म्हणताच वळले आणि युराकुचोकडे चालू लागले. चार पावलांवर मागून त्यांचा आवाज आला.

“ऑगस्टमध्ये शेंगा पाठवतो. पत्ता तोच ना?”

“तोच,” मी म्हटलं.